हापूस विकणाऱ्या नव्या वेबसाइटची गुगलवर पत कशी वाढवावी

मार्च उजाडला की पुण्या-मुंबईतली माणसं मोबाइलवर ‘देवगड हापूस ऑनलाइन’ असं शोधू लागतात. समोर येणाऱ्या यादीत ज्यांचं स्वतःचं एकही कलम नाही असे विक्रेते असतात, आणि तीन पिढ्या बाग राखणारा बागायतदार पाचव्या-सहाव्या पानावरसुद्धा सापडत नाही. त्याने वेबसाइट केलेली असते, त्यावर पैसेही घातलेले असतात. ती साइट कोणाची आहे, तिच्यावर विश्वास का ठेवावा, हे गुगलला कळेल असं मात्र त्यावर काहीच नसतं.

हा लेख अशा बागायतदारासाठी, किंवा त्याच्या घरातल्या ज्या मुला-मुलीवर वेबसाइटचं काम येऊन पडतं त्यांच्यासाठी आहे. कोकम, काजू, घरगुती मसाले, होमस्टे, काहीही विकत असाल तरी पद्धत हीच. हापूस मुद्दाम निवडला, कारण या मालात दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने खपवला जातो हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं. तो आधीच संशय घेऊन येतो. अशा गिऱ्हाइकाचा विश्वास बसेल अशी साइट केली, तर गुगलला हवं ते बहुतेक सगळं तिच्यात आपोआप येतं, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. नव्या साइटवर केलेल्या कामाचं फळ दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गुगलनेच सांगितलेलं आहे. म्हणजे एप्रिलमध्ये पेट्या विकायच्या असतील तर काम पावसाळ्यात सुरू व्हायला हवं. मोहोर दिसल्यावर वेबसाइट करायला घेतली, तर तो हंगाम हातचा गेला असं समजा.

गुगल नेमकं काय करतं

तीन कामं. आधी त्याचा प्रोग्राम एका पानावरून दुसऱ्या पानावर लिंकच्या वाटेने फिरतो आणि पानं वाचतो. मग त्यातली ठेवण्यासारखी पानं आपल्या सूचीत नोंदवतो, त्याला इंडेक्स होणं म्हणतात. शेवटी कोणी काही शोधलं की त्या सूचीतून पानं काढून क्रम लावतो. रँकिंग रँकिंग म्हणून सगळे धावतात ते या तिसऱ्या पायरीमागे. नव्या साइटची गाडी बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच अडलेली असते.

आपलं काय झालंय ते पाहायचं तर गुगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविरामाची दोन टिंबं आणि लगेच आपला डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, टाइप करा, मध्ये जागा सोडू नका. जी पानं दिसतील ती सूचीत आहेत. एकही दिसलं नाही तर रँकिंगची चर्चा करण्यात अर्थ नाही, आधी दार उघडायचं आहे.

डोमेन स्वतःच्या नावावर घ्या

साइट करून देणारा मुलगा ओळखीचा असला, अगदी भाचा असला, तरी डोमेनची नोंदणी तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवरच हवी. दोन-तीन वर्षांनी तो दुसऱ्या नोकरीला लागतो, नूतनीकरण राहून जातं, आणि साइटने मिळवलेली सगळी पत त्या नावासोबत जाते. होस्टिंग, म्हणजे साइट जिथे ठेवली जाते ती भाड्याची जागा, बदलता येतं, डिझाइन बदलता येतं. डोमेन गेला की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

नाव फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता आलं पाहिजे. भारतातच विकणार असाल तर ‘डॉट इन’ चांगलं, त्यावरून साइट भारतातल्या लोकांसाठी आहे हा इशाराही गुगलला मिळतो. ‘डॉट कॉम’ घेतलं म्हणूनही काही बिघडत नाही. कोणीतरी सोडून दिलेला जुना डोमेन ‘याची पत तयार आहे’ म्हणून विकायला आला तर घेऊ नका. जुन्या नावाची पुण्याई वापरून भलताच मजकूर वर चढवण्याच्या प्रकाराला गुगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या स्पॅम धोरणात स्पष्टपणे घातलं आहे.

पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ ही सुरक्षित जोडणीची खूण हवीच. २०१४ पासून गुगल त्याची क्रम लावताना हलकीशी दखल घेतं, पण खरं कारण गिऱ्हाईक आहे. ‘ही साइट सुरक्षित नाही’ असं ब्राउझरने सांगितल्यावर कोण आगाऊ पैसे भरेल? त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेकडून फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले ते एका बटणावर लावून देतात. त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर का, ते विचारा.

सर्च कन्सोल पहिल्याच दिवशी

गुगल सर्च कन्सोल हे फुकटचं साधन आहे आणि पैसे घेणाऱ्या कोणत्याही साधनापेक्षा नवख्याला जास्त उपयोगी आहे. तुमच्या साइटबद्दल गुगलला काय दिसतंय ते इथे गुगलच सांगतं. नोंदणी करताना ‘डोमेन’ हा पर्याय निवडा. मालकी सिद्ध करण्यासाठी एक ओळ मिळते, ती डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये (डोमेन कुठल्या सर्व्हरशी जोडलाय हे जिथे नोंदवलेलं असतं तिथे) ‘टीएक्सटी’ नोंद म्हणून टाकायची.

मग साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, सादर करा. वर्डप्रेस आणि साइट बनवण्याच्या इतर बहुतेक प्रणाली तो आपोआप बनवतात. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते बसतात, तुमची पानं वीस-पंचवीस असतील, त्यामुळे काळजी नको. महत्त्वाच्या पानाचा पत्ता वरच्या चौकटीत टाकून तपासा आणि इंडेक्स करण्याची विनंती करा. तीच विनंती रोज करून वेग वाढत नाही.

पानं सूचीत येतच नसतील तर आधी एक जागा पाहा. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ या भागात सर्च इंजिनांना साइटपासून दूर ठेवणारी एक चौकट आहे. साइट बनवताना ती टिक केलेली असते आणि साइट सुरू झाल्यावर काढायची राहून जाते. महिनोन्‌महिने ‘गुगल आम्हाला दाखवत नाही’ म्हणणाऱ्या साइटवर ही टिक तशीच सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे.

बिंग या मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनचंही असंच साधन आहे आणि त्यात सर्च कन्सोलमधली माहिती थेट ओढून घेता येते. दहा मिनिटांचं काम आहे, करून टाका.

मराठीत लिहिताना

मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं त्याच पद्धतीत. छापखान्यातून किंवा डीटीपीवाल्याकडून आलेलं माहितीपत्रक अनेकदा श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतं. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते आणि गुगल तीच वाचतं. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि नंतर एकदा वाचून काढा, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात.

दुसरी सवय मोडायला हवी ती चित्रात मजकूर घालण्याची. व्हॉट्सॅपवर फिरवलेलं दरपत्रक तसंच साइटवर चढवलं जातं. पेटीचा दर, घरपोच सेवेची गावं, फोन नंबर, हे सगळं पानावर अक्षरांत लिहा. चित्रातला मजकूर गुगलला वाचता येईलच असं नाही, आणि अंध व्यक्तीच्या मोबाइललाही तो नीट वाचून दाखवता येईलच असं नाही. चित्र ठेवायचं असेल तर त्याला पर्यायी मजकूर द्या: ‘गवतात घातलेली हापूसची अढी’ इतकं साधं पुरे.

पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा. देवनागरी हिंदीचीही लिपी आहे. ब्राउझरला आणि मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या साधनांना भाषा कळायला ही नोंद कामी येते. गुगल मात्र भाषा मजकुरावरूनच ओळखतं, म्हणून पान धड मराठीतच असू द्या. अर्धा परिच्छेद हिंदी, मथळे इंग्रजी, बटणं तिसऱ्याच भाषेत असं नको.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तरी गुगलला चालतं. पण तो कॉपी करून कुठे चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते, कारण देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह पत्त्यात नऊ चिन्हांचं होऊन बसतं. लोकांना ती लिंक संशयास्पद वाटते. म्हणून पत्ता रोमन अक्षरांत, छोटा, आणि मथळा मराठीत, असं मी सुचवेन.

लोक हापूस, हापुस, आंबा, अंबा असं कसंही लिहितात, आणि कितीतरी जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. त्यासाठी पानात मुद्दाम चुकीची रूपं पेरू नका. गुगलला प्रचलित रूपं कळतात आणि चुका पेरलेलं पान वाचणाऱ्याला बेफिकीर वाटतं. प्रत्येक पानाचा टायटल टॅग, म्हणजे गुगलच्या यादीत दिसणारा मथळा, मात्र वेगळा लिहा. ‘मुख्यपृष्ठ’ किंवा नुसतं बागेचं नाव हा मथळा नव्हे. ‘देवगड हापूस पेटी : आजचा दर आणि बुकिंग’ हा मथळा. त्याखालचं दोन ओळींचं वर्णन क्रमावर परिणाम करत नाही, पण यादीत दिसलं तर लोक ते वाचून आत येतात. मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी, भरण्याचे पैसे कोणी मागितले तर सांगा, की तो टॅग आपण पाहत नाही हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

गिऱ्हाईक काय विचारतं ते लिहा

आता या कामाचा गाभा. कीवर्ड, म्हणजे लोक गुगलवर टाकतात ते शब्द, शोधायची महागडी साधनं विकत घेण्याआधी गेल्या हंगामातले व्हॉट्सॅपचे निरोप उघडा. गिऱ्हाइकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवा. मग गुगलच्या चौकटीत ‘हापूस’ टाइप करून तो पुढे काय सुचवतो ते पाहा, आणि निकालांत ‘लोक हेही विचारतात’ खाली काय आहे तेही टिपा. यादी साधारण अशी होईल: पेटी आली, आंबे हिरवे आहेत, आता काय करू? फ्रिजमध्ये ठेवू का? आत पांढरं आणि स्पंजासारखं निघालं, हे काय? कार्बाइडने पिकवलेला नाही हे कशावरून? देवगड आणि रत्नागिरी यांत फरक काय? पाच डझनाच्या आणि सहा डझनाच्या पेटीत आंब्याचा आकार कसा बदलतो?

यातल्या प्रत्येक मोठ्या प्रश्नाला एक स्वतंत्र पान. ‘साका’ या एका विषयाचं उदाहरण घेऊन पाहू. आंबा बाहेरून निर्दोष दिसतो, कापल्यावर गर जागोजागी फिका, स्पंजासारखा आणि बेचव निघतो. उष्णता आणि फळ झाडावर जास्त पक्व होऊ देणं यांच्याशी साक्याचा संबंध जोडला जातो, म्हणून जाणते बागायतदार काढणीची वेळ सांभाळतात. तरीही एखादं फळ निघतंच, आणि ते बाहेरून ओळखता येत नाही. बहुतेक विक्रेते या विषयावर अवाक्षर काढत नाहीत. तुम्ही काढा. आपल्या बागेतल्या साका पडलेल्या फळाचा स्वतः काढलेला फोटो लावा, आपण काढणी कधी करतो ते लिहा, आणि साका निघाला तर गिऱ्हाइकाने किती वेळात फोटो पाठवायचा, तुम्ही बदली फळ देणार की पैसे, हे स्पष्ट सांगा.

या पानाने दोन गोष्टी होतात. ‘आंबा आतून पांढरा का’ असं शोधणाऱ्याला नेमकं उत्तर मिळतं. आणि ज्या विक्रेत्याने आपल्या मालाची उणीव स्वतःहून सांगितली, त्याच्या इतर शब्दांनाही वजन येतं. दहा वेळा ‘अस्सल, नैसर्गिक, शंभर टक्के शुद्ध’ लिहून हे होत नाही.

कार्बाइडच्या पानावर जास्त जबाबदारीने लिहावं लागेल, कारण विषय आरोग्याचा आहे आणि अशा विषयांत गुगल विश्वासार्हता अधिक कसून पाहतं. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळं पिकवायला भारतात बंदी आहे. इथिलीन वायू मात्र दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत वापरायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे. दोन्ही एकच असं लिहून लोकांना घाबरवू नका. नियमाची अधिकृत लिंक द्या आणि तुम्ही स्वतः अढी कशी घालता (आंबे पिकायला गवतात कसे ठेवता), गवत कुठलं, किती थर, फळं किती दिवसांनी पाहता, ते लिहा. ही माहिती तुमच्या घरात आहे आणि ती दुसऱ्या साइटवरून उचलून मिळणारी नाही.

याच्या उलट वाटही आहे, आणि ती सोपी दिसते म्हणून नवखा तिथेच जातो. ‘पुण्यात हापूस’, ‘नाशिकमध्ये हापूस’, ‘साताऱ्यात हापूस’ अशी पन्नास पानं, आत फक्त शहराचं नाव बदललेलं. अशा पानांना डोअरवे पानं म्हणतात आणि ती गुगलच्या धोरणाविरुद्ध आहेत. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट याच कारणाने गुगलने निकालांतून काढून टाकली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला सूट मिळाली नाही, तर तुम्हा-आम्हाला कुठून मिळणार? तुम्ही खरोखर तीन शहरांत वेगळ्या व्यवस्थेने माल पोचवत असाल, तर तीन पानं करा आणि प्रत्येकावर त्या शहराचा वार, वेळ, माल उतरवण्याचं ठिकाण लिहा.

एआयकडून शे-दोनशे लेख काढून साइट भरण्याचंही तसंच. मार्च २०२४ च्या धोरणात गुगलने क्रम वाढवण्यासाठी घाऊक मजकूर ओतणं याला स्पॅम म्हटलं आहे, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. शुद्धलेखन तपासायला, मुद्दे लावायला यंत्राची मदत घ्या. बाग मात्र त्याने पाहिलेली नाही.

हंगामी मालाच्या साइटवर आणखी एक चूक सर्रास होते. दरवर्षी दरपत्रकाचं नवं पान काढलं जातं आणि जुनं पुसलं जातं. तसं केलं की गेल्या वर्षी त्या पानाने कमावलेल्या लिंक वाया जातात. दराचं पान एकच ठेवा, पत्ता तोच, आतला दर आणि तारीख बदला. जूनमध्ये आंबा संपला की पान काढू नका. ‘या हंगामाची विक्री संपली, पुढच्या हंगामासाठी नाव नोंदवा’ असं लिहून ठेवा. कधी पत्ता बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण द्या, त्याला ३०१ रिडायरेक्ट म्हणतात.

साइटच्या मागे माणूस कोण

गुगल आपल्या निकालांचा दर्जा तपासण्यासाठी माणसं नेमतं आणि त्यांना एक जाडजूड मार्गदर्शिका देतं. त्यात अनुभव, जाणकारी, अधिकार आणि विश्वासार्हता असे चार निकष आहेत. यातला अनुभव डिसेंबर २०२२ मध्ये जोडला गेला. चारांत विश्वासार्हता सगळ्यांत महत्त्वाची, असं त्यातच लिहिलं आहे. ही माणसं एखाद्या साइटला गुण देऊन थेट वर-खाली करत नाहीत. गुगलला काय चांगलं वाटतं, ते मात्र या मार्गदर्शिकेतून कळतं.

म्हणून ‘आमच्याविषयी’ हे पान शेवटी उरकायचं पान नव्हे. गाव, वाडी, तालुका, कलमं साधारण किती आणि केव्हाची, घरातलं कोण काय पाहतं, फोन कोण उचलतं आणि कोणत्या वेळेत, हे लिहा. फोटो तुमच्याच बागेचे हवेत. विकतचे गुळगुळीत फोटो गिऱ्हाईक ओळखतं, कारण तेच त्याने दुसऱ्या चार साइटवर पाहिलेले असतात. पैसे परत करण्याचे नियम, माल पोचायला लागणारा वेळ, वाहतुकीत फळ खराब झालं तर काय, याचं वेगळं पान करा आणि ते प्रत्येक पानाच्या तळाशी जोडा.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग, मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव लावता येतं. १९९९ च्या कायद्यानुसार उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करता येते. तुमची नोंदणी झाली असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक साइटवर ठळक लिहा, तो पडताळता येतो. झाली नसेल तर मानांकनाचं चिन्ह लावू नका, आधी अर्ज करा.

लिंक : दुसऱ्याने दिलेली साक्ष

१९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेली कल्पना अशी होती, की एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही त्याची शिफारस मानावी, आणि शिफारस करणारा जितका वजनदार तितकी ती शिफारस वजनदार. आज गुगल इतर पुष्कळ गोष्टी पाहतं, तरी ही कल्पना टिकून आहे.

सुरुवात आपल्या घरातून करा. साक्याच्या पानावरून परताव्याच्या नियमांकडे, अढीच्या पानावरून पेटीच्या दराकडे लिंक द्या. लिंकवर ‘इथे क्लिक करा’ असं लिहिण्यापेक्षा ‘हापूस घरी कसा पिकवायचा’ असं लिहा. त्यावरून पुढच्या पानात काय आहे ते गुगललाही कळतं.

बाहेरच्या लिंक मिळवणं हे सगळ्यात अवघड काम, म्हणून तिथेच लोक फसतात. ‘हजार बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) दोन हजारांत’ अशा जाहिराती रोज दिसतात. त्या घेऊ नका. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या बलाढ्य दुकानसाखळीसाठी हजारो लिंक पैसे देऊन लावल्या गेल्याचं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केलं, आणि गुगलने कारवाई केल्यावर ती पहिल्या क्रमांकांवरून पार खाली गेली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणला तो अशाच बनावट लिंक हेरण्यासाठी. आता तर अशा बऱ्याच लिंक गुगल मोजतच नाही, म्हणजे दंड झाला नाही तरी पैसे पाण्यात. जाहिरात म्हणून कोणाला पैसे देऊन लिंक घेतलीच, तर तिच्यावर ती प्रायोजित असल्याची खूण हवी. २०१९ पासून त्यासाठी वेगळा टॅग आहे.

मग खऱ्या लिंक कुठून येतील? तालुक्याच्या आंबा उत्पादक संस्थेचे सभासद असाल तर त्यांच्या साइटवर सभासदांची यादी आहे का ते विचारा. ज्या होमस्टेला तुम्ही आंबे देता, त्यांच्या साइटवर तुमचा उल्लेख होऊ शकतो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत हापूस हा दरवर्षी जिव्हाळ्याचा विषय असतो. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ मध्ये पुन्हा दार उघडलं ते विकिरणाची, म्हणजे फळावर किरणांचा मारा करून कीड रोखण्याची, प्रक्रिया करण्याच्या अटीवर, आणि ती प्रक्रिया करणारं एक केंद्र लासलगावला आहे. तुमचा माल निर्यातीला जात असेल, तर तिथे पोचेपर्यंत आंबा कुठल्या टप्प्यांतून जातो हे सविस्तर लिहिलेलं मराठी पान न्यू जर्सीतला माणूस आपल्या मंडळाच्या साइटवर नक्की जोडेल.

आणि माझी सगळ्यात आवडती सूचना: बागेची रोजनिशी ठेवा. पहिला मोहोर कधी दिसला, अवकाळी पाऊस कोणत्या तारखेला झाला, तुडतुड्यांचा त्रास कधी वाढला, फळगळ किती, पहिली पेटी कधी निघाली. तारीख आणि फोटो यांसह, दरवर्षी, एकाच पानावर. तीन वर्षांत ही अशी नोंद होते जी दुसऱ्या कोणाकडे नाही. यंदा हापूस उशिरा का, ही बातमी दरवर्षी लिहिली जाते, आणि वार्ताहराला बागेतली पडताळता येणारी माहिती हवी असते. तो तुमच्या पानाचा दाखला देतो. अशी एक लिंक विकतच्या हजारांपेक्षा मोलाची.

‘डोमेन ऑथॉरिटी’ या आकड्याचा धसका घेऊ नका. एक ते शंभर असा हा आकडा मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा अंदाज आहे, गुगल तो वापरत नाही. शेजारच्या बागायतदाराच्या साइटशी ढोबळ तुलना करायला ठीक, त्यापलीकडे त्याचा अर्थ नाही.

नकाशावरची नोंद

गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, पण त्याची अट नीट वाचा: गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष भेटणाऱ्या धंद्यालाच ती नोंद करता येते. बागेत येऊन लोक पेट्या नेत असतील किंवा तुम्ही स्वतः घरोघर पोचवत असाल तर करा. फक्त कुरियरने माल जात असेल तर नाही. नकाशावरचा क्रम ठरतो तो शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक या तीन गोष्टींवर. नाव, पत्ता आणि फोन साइटवर जसा आहे अगदी तसाच इथेही ठेवा. नावात ‘बेस्ट हापूस पुणे’ असले शब्द घुसडू नका, नोंद बंद होऊ शकते.

परीक्षणं (रिव्ह्यू) मागायला लाजू नका, पण त्याबद्दल सूट किंवा आंबे देऊ नका. ते नियमांत बसत नाही. वाईट परीक्षण आलं तर त्याच दिवशी शांतपणे उत्तर द्या आणि काय भरपाई केली ते लिहा. नवीन गिऱ्हाईक तुमचं उत्तर वाचून ठरवतं.

वेग

मोबाइलवर साइट लवकर उघडली पाहिजे. गुगल तुमचं पान मोबाइलवर दिसतं तसंच वाचून सूचीत घेतं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि पान उघडताना मजकूर इकडे-तिकडे उड्या मारू नये, अशी त्याची अपेक्षा आहे. ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर पत्ता टाकून तपासा. बहुतेक वेळा दोषी असतात मोबाइलवरून जसेच्या तसे चढवलेले चार-पाच एमबीचे फोटो. ते लहान करून वेबपी स्वरूपात चढवा, बाकी किरकोळ.

काय मोजायचं

सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती ठेवतं, म्हणजे हा मार्च आणि गेला मार्च शेजारी ठेवून पाहता येतो. हंगामी धंद्यात हीच तुलना खरी, ऑगस्टमधली घसरण ही घसरणच नव्हे. दर आठवड्याला एकदा पाहा. एखादं पान पुष्कळदा दिसतंय पण कोणी आत येत नाही, तर मथळा बदला. एखादं आठव्या ते पंधराव्या क्रमांकावर रेंगाळतंय, तर त्यात आणखी उत्तरं, नवे फोटो घाला आणि दुसऱ्या पानांवरून तिकडे लिंक द्या.

ऑगस्ट २०२४ पासून भारतात निकालांच्या वर एआयने केलेला सारांशही येतो. साध्या प्रश्नाचं उत्तर लोक तिथेच वाचून निघून जातात. त्या सारांशात आपलं पान यावं म्हणून वेगळी युक्ती लागत नाही, असं गुगल सांगतं. दर, बुकिंग, आज कोणता माल तयार आहे, या गोष्टींसाठी मात्र माणसाला तुमच्याच पानावर यावं लागतं, म्हणून त्या रोज ताज्या ठेवा.

‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणारा फोन आला तर ठेवून द्या. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतः लिहून ठेवलं आहे.

वर्षाचं वेळापत्रक

जून-जुलैमध्ये डोमेन, सर्च कन्सोल, ‘आमच्याविषयी’ आणि परताव्याचं पान. ऑगस्ट ते ऑक्टोबर प्रश्नांची पानं, महिन्याला दोन-तीन, घाई न करता. नोव्हेंबरपासून मोहोराची रोजनिशी. जानेवारीत दराचं आणि बुकिंगचं पान अद्ययावत करा, फॉर्म आणि पैसे भरण्याची सोय स्वतः एकदा वापरून पाहा. फेब्रुवारीत जुन्या गिऱ्हाइकांना आणि ओळखीच्या वार्ताहरांना रोजनिशीची लिंक पाठवा. मार्च ते मे नवं काही लिहायला सवड मिळणार नाही, फक्त दर, उपलब्धता आणि परीक्षणांना उत्तरं. शेवटची पेटी गेली की त्याच आठवड्यात या हंगामातले नवे प्रश्न आणि तक्रारी वहीत उतरवून घ्या. पुढच्या ऑगस्टमध्ये कोणती पानं लिहायची ते त्या वहीवरून ठरेल.